जत्रेतील दशावतार आणि गावची शाळा

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास भाताची कापणी व मळणी उरकत येते आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ग्रामदेवतांच्या जत्रांना आरंभ होतो. या जत्रा वैशाखापर्यंत, म्हणजे पावसाची चाहूल लागेपर्यंत, एकामागून एक चालू राहतात. दिवसा देवीची ओटी भरणे, नवस फेडणे व नारळ-केळी ठेवणे, सायंकाळी दीपमाळ पाजळणे, रात्री पालखीची प्रदक्षिणा आणि त्यानंतर पहाटेपर्यंत दशावतारी नाटक असा या जत्रांचा सामान्य क्रम असतो. वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी, मालवण या तालुक्यांत तर दशावतारावाचून जत्रा पुरी झाली असे कोणी मानीत नाही. शेजारच्या गोव्यातही पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत हाच खेळ रंगतो.

जत्रेचा दुसरा दिवस मात्र शाळेला कठीण जातो. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा अधिक पडतात. जी मुले येतात तीही पेंगुळलेली असतात. पुष्कळ शिक्षक हा दिवस वाया गेला असे समजून सोडून देतात. काही शिक्षक मुलांना रागे भरतात. याहून वेगळी अशी तिसरी वाट आहे. जत्रा शाळेला चुकविता येत नाही. मग ती शाळेच्या कामी का आणू नये? रात्रभर मुले जे पाहतात व ऐकतात ते भाषा, संगीत, चित्रकला, इतिहास आणि भूगोल या सर्व विषयांना स्पर्श करणारे असते. परंतु पाहण्यापूर्वी तयारी झाली नाही आणि पाहिल्यानंतर त्याचा उच्चार झाला नाही, तर त्यातील बरेचसे मुलांच्या डोळ्यांपुढून निघून जाते. ही तयारी कशी करावी, याचा विचार पुढे केला आहे.

खेळाची पूर्वपीठिका

दशावतार या नावावरून विष्णूचे दहाही अवतार रंगभूमीवर येत असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात तसे नाही. नाटकाचे पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगाला आडदशावतार असेही म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर आणि विष्णू अशी ठरीव पात्रे येतात. उत्तररंगात रामायण, महाभारत किंवा पुराणे यांतील एखादे आख्यान लावले जाते. आख्यान दर रात्री निराळे असू शकते. पूर्वरंग बहुधा तोच राहतो.

हा खेळ किती जुना आहे, असे मुले विचारतील. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील शामजी नाईक काळे यांनी तो 1728 च्या सुमारास कर्नाटकातून कोकणात आणला, असे परंपरा सांगते. परंतु सतराव्या शतकातील दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आलेला आहे. त्याअर्थी दशावताराचे काही ना काही रूप महाराष्ट्राला त्यापूर्वीही ठाऊक असले पाहिजे. वरच्या वर्गातील मुलांपुढे ही दोन्ही विधाने ठेवून, ‘यावरून काय अनुमान निघते?’ असे विचारावे. परंपरेतून आलेली माहिती आणि लिखित पुरावा यांचा मेळ कसा घालावयाचा, याचा तो एक छोटा पाठ होईल.

मराठी रंगभूमीशी या जातीच्या खेळांचे नाते शिक्षकांना ठाऊक असलेले बरे. 1842 साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांस तसा खेळ मराठीत रचण्यास सांगितले आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. दर वर्षी 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळला जातो तो याच घटनेच्या स्मरणार्थ. भाव्यांच्या त्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि नट आपली भाषणे प्रसंग पाहून स्वतः जुळवीत. दशावतारात ही रीत आजही जिवंत आहे.

रात्रीचा क्रम

पालखी देवळात परतली की सभामंडपात किंवा देवळासमोरच्या अंगणात जागा मोकळी केली जाते. रंगमंच म्हणून फार काही लागत नाही. मागे एक पडदा, पुढे एक लाकडी बाकडे आणि एका बाजूस वादक, एवढ्यावर नाटक उभे राहते. तेच बाकडे राजसभेत सिंहासन होते, युद्धात रथ होते, अरण्यात शिळा होते. पूर्वी हे खेळ मशालींच्या उजेडात होत. पुढे गॅसबत्त्या आल्या. आता विजेचे दिवे व ध्वनिवर्धक सर्वत्र आहेत. अलीकडे ‘ट्रिकसीन’ या नावाने ओळखली जाणारी चमत्कारदृश्येही काही मंडळे दाखवितात. निरनिराळ्या मंडळांतील नामांकित नट एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ही केला जातो.

वाद्ये तीन असतात. पायाने भाता मारून दोन्ही हातांनी वाजवावयाची पायपेटी, मृदंग आणि झांज. गणपतीचे स्तवन झाले की मुखवटा धारण केलेला गणपती ऋद्धिसिद्धींसह येतो. मग सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. यानंतर ज्याची मुले सर्वाधिक वाट पाहत असतात तो संकासुर येतो. काळा पोशाख, तोंडावर काळे आवरण, बाहेर लोंबणारी जीभ असे त्याचे ध्यान असते. त्याने वेद चोरले आहेत आणि ते परत मिळविण्यासाठी विष्णूला यावे लागते, एवढे कथासूत्र. परंतु वध होईपर्यंत तो मालवणी बोलीत प्रश्न करतो, टोमणे मारतो, गावातील ताज्या गोष्टींवर बोलतो आणि सर्वांना हसवितो. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या खेळांतही संकासुराचे सोंग असते. तेथील मुलांना हे पात्र ओळखीचे वाटेल.

पूर्वरंगानंतर आख्यान सुरू होते. राजा, राणी, ऋषी, देव, राक्षस, विदूषक अशी पात्रे येतात. गद्य संवाद, पदे आणि युद्धनृत्य यांतून कथा पुढे सरकते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतला’पासून मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या नाट्यसंगीताच्या चालींचा ठसा दशावतारी पदांवरही उमटला आहे. उजाडता उजाडता दहीकाला होतो, हंडी फुटते, प्रसाद वाटला जातो आणि जत्रा संपते.

संहितेवाचून उभे राहणारे नाटक

शिक्षणाच्या दृष्टीने दशावताराचा सर्वांत मोलाचा विशेष असा की, या नाटकाला परंपरेने लिहिलेली संहिता नसते. खेळापूर्वी मंडळाचा प्रमुख त्या रात्रीचे आख्यान व त्याचे प्रवेश नटांना सांगतो. कोणी कोणाच्या मागून यावयाचे, कोणत्या प्रसंगी काय घडावयाचे, प्रवेश कोठे संपवावयाचा, एवढे ठरते. वाक्ये कोणीही पाठ केलेली नसतात. रंगमंचावर उभे राहिल्यावर नट आपल्या मनाने बोलतो आणि समोरचा नट त्याला उत्तर देतो.

हे कसे साधते, याचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा. पहिली गोष्ट म्हणजे कथा नटाच्या पूर्ण अंगवळणी पडलेली असते. केवळ आपली भूमिका नव्हे, तर सर्वांचे नातेसंबंध, पूर्वीचे शाप, वर आणि प्रतिज्ञा त्याला ठाऊक असाव्या लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे शब्दसंग्रह. राजाच्या तोंडी संस्कृतप्रचुर मराठी, विदूषकाच्या व संकासुराच्या तोंडी बोली, असे भाषेचे दोन-तीन थर त्याच्या जिभेवर तयार असतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऐकणे. समोरचा काय बोलणार हे आधी ठाऊक नसल्यामुळे नटाला त्याचे प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकावे लागते. वादकांचेही लक्ष नटाच्या शब्दाकडे व पावलाकडे लागलेले असते. ऐकले नाही तर बोलता येत नाही, हा नियम येथे क्षणोक्षणी सिद्ध होतो.

प्राथमिक शाळेत श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही भाषेची चार अंगे सांगितली जातात. त्यांपैकी पहिल्या दोहोंना वर्गात फारच थोडा वेळ मिळतो, ही प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवाची गोष्ट आहे. प्रश्नाचे उत्तर पुस्तकातील वाक्यात देणारे मूल उभे राहून स्वतःची पाच वाक्ये बोलू शकत नाही. अशा मुलांच्या गावातच, ज्यांचे सारे कौशल्य ऐकण्यावर व बोलण्यावर उभारलेले आहे असे कलावंत रात्रभर नाटक करून जातात आणि शाळेला त्याचा पत्ताही नसतो. ही फारकत संपविणे शिक्षकाच्या हाती आहे.

जत्रेपूर्वीची तयारी

जत्रेला आठवडा उरला असता तयारीस आरंभ करावा. त्यासाठी रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात.

प्रथम गावातील जाणत्या व्यक्तींकडून माहिती गोळा करावी. जत्रा कोणत्या तिथीला असते, पालखीचा मान कोणाकडे आहे, कोणते वाद्य कोण वाजवितो, दशावतार पूर्वी कोठे होत असे, हे प्रश्न मुलांनी स्वतः घरी विचारावेत व उत्तरे वहीत लिहावीत. दोन घरांतून दोन उत्तरे आली तर दोन्ही फळ्यावर लिहावीत.

यंदा कोणते मंडळ येणार आहे, याची चौकशी करावी. मंडळांची नावे पुष्कळदा गावांवरून पडलेली असतात. मोचेमाडकर, खानोलकर, वालावलकर, चेंदवणकर, पार्सेकर ही नावे जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाची आहेत. मोचेमाड व खानोली ही गावे वेंगुर्ले तालुक्यात, वालावल व चेंदवण कुडाळ तालुक्यात, तर पार्से गोव्यातील पेडणे तालुक्यात आहे. मुलांनी नकाशावर ही गावे शोधावीत, आपल्या गावापासूनची दिशा व अंतर काढावे. आडनाव आणि गाव यांचा संबंध त्यांना आपोआप उमगेल.

आख्यान कोणते लागणार हे आधी समजले तर ती कथा वर्गात सांगावी. समजले नाही तर पूर्वरंगाचा क्रम व पात्रांची ओळख करून देणे पुरेसे आहे. शेवट माहीत झाला म्हणजे गोडी कमी होते, अशी भीती बाळगू नये. जत्रेतील प्रेक्षकांना कथा ठाऊक असतेच. ती आज कशी सांगितली जाते, हे पाहण्यासाठी ते येतात.

यानंतर मुलांचे चार गट करावेत व प्रत्येक गटाकडे एक काम सोपवावे. पहिल्या गटाने वाद्यांकडे लक्ष द्यावे. राजाच्या प्रवेशाला, युद्धाला व शोकाच्या प्रसंगी मृदंगाची गती कशी बदलते, हे ऐकावे. दुसऱ्या गटाने रंग व वेष पाहावेत. कोणत्या पात्राच्या चेहऱ्यावर कोणता रंग आहे, मुकुट व शस्त्रे कशी आहेत, हे ध्यानात ठेवावे. तिसऱ्या गटाने भाषेकडे कान द्यावा. न समजलेले पाच शब्द आणि आवडलेले एक वाक्य लक्षात ठेवून यावे. चौथ्या गटाने त्या एका बाकड्याचा उपयोग किती प्रकारांनी झाला, ते मोजावे. काम छोटे व नेमके असले म्हणजे मूल शेवटपर्यंत सावध राहते.

जत्रेच्या रात्री

दशावतार उशिरा सुरू होतो, म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांनी पूर्वरंग पाहून पालकांबरोबर घरी जावे, हे उत्तम. वरच्या वर्गांतील मुलांनीही पालक बरोबर असल्यावाचून रात्री थांबू नये. शिक्षकांनी पालकांना आधी निरोप द्यावा आणि कोणत्या मुलाबरोबर घरचे कोण आहे, याची यादी जवळ ठेवावी. देवळाजवळची तळी, विहिरी व वाहनांचा रस्ता यांकडे मुले एकटी जाणार नाहीत, अशी व्यवस्था पालकांच्या साहाय्याने करावी.

शक्य असेल तेथे मंडळाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन, खेळापूर्वी पाच-सहा मुलांना नटांची रंगभूषा दुरून पाहू द्यावी. दशावतारी नट आपला चेहरा स्वतःच रंगवितो. आरशासमोर बसलेला साधा माणूस अर्ध्या तासात राजा कसा होतो, हे पाहणे मुलांच्या चित्रकलेला मोठे साहाय्य करील. त्या वेळी बडबड करू नये, वस्तूंना हात लावू नये. वेष व मुकुट ज्या पेटाऱ्यात असतात त्याला कलावंत पूज्य मानतात, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावयाचे असल्यास आधी विचारावे. सबंध खेळ यंत्रात टिपण्याच्या नादात तो प्रत्यक्ष पाहावयाचा राहून जातो, हेही सांगावे.

जत्रेतील दुकानांचाही उपयोग आहे. खाजे, लाडू, खेळणी व बांगड्या यांचे भाव मुलांनी विचारून ठेवावेत. पाव किलो व अर्धा किलो खाजे, त्यांची किंमत, दिलेली नोट व परत आलेले पैसे यांवर दुसऱ्या दिवशी गणिते घालता येतात. ती पुस्तकातील नसल्यामुळे मुले ती उत्साहाने सोडवितात.

जत्रेनंतरचा वर्ग

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळ गावांत स्थानिक सुट्टी असते. सुट्टी नसेल तर त्या दिवशी नवा पाठ घेऊ नये. मुले पूर्ण झोप घेऊन आल्यावर गटवार माहिती ऐकावी. भाषेच्या गटाने आणलेले शब्द फळ्यावर लिहावेत व त्यांचे अर्थ सर्वांनी मिळून शोधावेत. रंगांच्या गटाने चित्रे काढावीत. वाद्यांच्या गटाने बाकावर बोटांनी ठेका धरून दाखवावा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. दशावतारी मंडळाची रीत वर्गात आणावी. शिक्षकांनी एक कथा थोडक्या वाक्यांत सांगावी, पात्रे वाटून द्यावीत आणि संवाद मुलांनी स्वतः बोलावेत. उदाहरणार्थ, राजा हरिश्चंद्राची कथा घेता येईल. राजाने विश्वामित्राला राज्य दान केले. ऋषीने वर दक्षिणा मागितली. ती देण्यासाठी राजाने राणी तारामती व पुत्र रोहिदास यांना विकले आणि स्वतः स्मशानात चाकरी पत्करली. रोहिदासाला सर्पदंश झाला. राणी त्याचा देह घेऊन त्याच स्मशानात आली. चाकरीच्या नियमाप्रमाणे राजाने तिच्याजवळ स्मशानाचे शुल्क मागितले. एवढे सांगून थांबावे.

आता शेवटचा प्रसंग दोन गटांनी निरनिराळा करून दाखवावा. एका गटातील तारामती राजाला ओळखून प्रश्न विचारील; दुसऱ्या गटातील तारामती कदाचित काहीच न बोलता उभी राहील. एका गटातील हरिश्चंद्र कर्तव्याचे कारण सांगेल, दुसऱ्यातील क्षमा मागेल. दोन्ही बरोबर असू शकतात. राजाने योग्य केले काय, या प्रश्नावर वर्गात चर्चा होऊ द्यावी आणि शिक्षकांनी आपला निर्णय घाईने देऊ नये. या अभ्यासात एकच नियम कडकपणे पाळावा: समोरच्याचे वाक्य पुरे ऐकल्याशिवाय कोणी उत्तर देऊ नये.

मुले येथे बोलीत बोलली तर त्यांना मध्येच अडवू नये. दशावतारात विष्णू प्रमाण मराठीत बोलतो व संकासुर मालवणीत बोलतो. दोघेही एकाच रंगमंचावर उभे असतात आणि दोघांचेही बोलणे श्रोत्यांना हवे असते. ‘राजा हेच वाक्य दरबारात कसे बोलेल?’ असे विचारल्यास मूल आपले वाक्य प्रमाण भाषेत स्वतःच बदलून सांगते. घरची बोली चुकीची म्हणून टाकून द्यावयाची नाही, तर प्रसंगानुसार भाषा निवडावयाची, हे त्याला उपदेशावाचून कळते.

काही शंका

दशावतारात पुराणकथा व चमत्कार असतात, तेव्हा शाळेने त्याचा उपयोग करणे योग्य होईल काय, अशी शंका घेतली जाते. शाळेत कथा ही कथा म्हणून सांगावी आणि नाटक हे नाटक म्हणून पाहावे. चमत्कारदृश्य रंगमंचावर कसे साधले असेल, याचा शोध घेणे हा विज्ञानाचा उत्तम पाठ आहे. जत्रेला जाणे हे कोणत्याही मुलावर बंधनकारक करू नये. अन्य धर्माच्या किंवा देवकार्यात भाग न घेणाऱ्या कुटुंबातील मुलांना नंतरच्या वर्गकार्यात समान काम मिळाले पाहिजे. संवाद, ठेका, चित्र व गणित यांत ती कोठेही मागे राहत नाहीत.

दुसरी शंका विनोदाविषयी आहे. गर्दीला हसविण्यासाठी कधी कधी एखाद्याच्या शरीरावर, जातीवर किंवा स्त्रियांवर केलेली थट्टा ऐकू येते. मुलांनी ती ऐकली नाही असे समजून गप्प राहणे बरे नव्हे. ‘कोणत्या विनोदाला सर्व हसले आणि कोणत्या विनोदाने कोणाला तरी वाईट वाटले असेल?’ असा प्रश्न वर्गात विचारावा. संकासुराची चांगली थट्टा अंगात वारे शिरलेल्यांची असते, दुबळ्याची नसते, हा भेद मुले लवकर ओळखतात.

मुलींच्या बाबतीतही थोडा विचार हवा. परंपरेने दशावतारात स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आले आहेत व त्यांतील कित्येकांनी त्यासाठी मोठे नाव मिळविले आहे. अलीकडे स्त्रियांची दशावतार मंडळेही उभी राहिली आहेत. वर्गातील नाटकात राजा, ऋषी किंवा संकासुर होण्यास मुलींना कोणताही अडथळा असू नये.

कलावंत आणि त्यांची मुले

दशावतारी नटाविषयी कोकणात एक म्हण आहे: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी हे नट आपले सामान डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस पायी जात. आता वाहने आली आहेत, तरी हंगामभर जागरण, प्रवास आणि पावसाळ्यात शेती किंवा मजुरी हे जीवन पुष्कळांना चुकलेले नाही. 2025 साली ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला आणि या कलेचे नाव दूरवर पोहोचले. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांचे कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. गावातील कलेला देशात मान आहे, हे मुलांना या उदाहरणांवरून सांगता येते. परंतु तो मान गावच्या शाळेतही दिसला पाहिजे.

दशावतारी नटाचे किंवा मृदंग वाजविणाऱ्याचे मूल कधी कधी वर्गातच असते. हंगामात ते उशिरा येते. अभ्यास मागे पडला म्हणून बोलणी खाते. वडील सोंग घेतात म्हणून सोबती चिडवितात. अशा मुलाला आपल्या घरची विद्या लपवावीशी वाटू लागली तर त्यात शाळेचा दोष मोठा आहे. ही कला पुस्तकातून शिकता येत नाही. लहानपणापासून पाहून, ऐकून व मागे उभे राहूनच ती येते. ज्या पिढीने ती पाहण्याचे सोडले, त्या पिढीबरोबर ती संपेल. त्या मुलाला सर्वांसमोर उभे करून त्याची परीक्षा घेऊ नये. मात्र पायपेटी कशी चालते, झांज कशी धरावयाची, हे सांगण्याची संधी त्याला खुशीने घेऊ द्यावी. त्याच्या अभ्यासाची उणीव भरून काढण्यासाठी हंगाम संपल्यावर वेळ देणे, हेही शिक्षकाचे काम आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेचा अन्य विषयांशी मेळ घालण्यावर आणि स्थानिक कलावंतांना शाळेत मार्गदर्शनासाठी बोलाविण्यावर भर दिला आहे. गावात किंवा शेजारगावी राहणाऱ्या एखाद्या वृद्ध नटाला, वादकाला हंगामानंतर दिवसा शाळेत बोलवावे. त्यांच्यासाठी प्रवासाची सोय करावी आणि त्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडत असेल तर तो भरून देण्याची तजवीज शाळा व्यवस्थापन समितीच्या साहाय्याने आधीच करावी. केवळ शाल-श्रीफळावर त्यांची बोळवण करू नये. भाषणाचा आग्रह न धरता मुलांनी तयार केलेला हरिश्चंद्राचा प्रवेश त्यांच्यासमोर करून दाखवावा आणि कोठे चुकले ते त्यांना विचारावे. बहुधा ते मुलांच्या शब्दांतील चुका काढणार नाहीत. तारामती बोलत असता हरिश्चंद्र दुसरीकडे पाहत होता, हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.